फावल्या वेळचे उद्योग : हातचा एक

गेल्या खेपेस आपण भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची साफसफाई कशी करावी तें पाहिलें. तो लेख वाचून एका वाचकभगिनींनीं विचारणा केली आहे कीं, घरच्या घरीं करण्याजोग्या दुरुस्त्यांमध्यें याहून बिकट काम कोणतें? उत्तरासाठीं मला लांब जावयास नको. तें काम गेलें वर्षभर आमच्या पुसदच्या घराच्या पडवींत चार पायांवर उभें होतें, आणि त्यापायीं घरांत जेवढा वाद झाला तेवढा मागें घराच्या वांटणीवरूनहि झाला नव्हता.

हें यंत्र पिनबॉल नांवाच्या खेळाचें. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांनीं आपल्या लहानपणचा बॅगाटेलचा खेळ आठवावा : खिळे ठोकलेली उतरती फळी, दांडी ओढून सोडलेली गोळी, आणि ती ज्या घरांत अडकेल तेथले गुण. पिनबॉल हा त्याचाच अमेरिकेंत वाढलेला थोरला भाऊ. कांचेखालीं उतरती फळी असते. तिच्यावरून सुमारें सत्तावीस मिलिमीटर व्यासाची, ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी धांवते. ज्या खुंटीला ती आपटेल ती खुंटी तिला उलट लाथाडते, दिवे लागतात, घंटा वाजते, आणि समोरच्या उभ्या पेटींतील आंकड्यांचीं चाकें फिरून गुण दाखवितात. तळाशीं दोन लहान वल्हीं असतात. बाजूचीं बटनें दाबून त्या वल्ह्यांनीं गोळी पुन्हां वर उडवावयाची. गोळी निसटली कीं डाव गेला.

या खेळाची कुळकथा मनोरंजक आहे. बॅगाटेलला स्प्रिंगची दांडी जोडून त्या सुधारणेचें पेटंट १८७१ सालीं सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनीं घेतलें. १९३१ सालीं शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनीं 'बॅफल बॉल' हा नाणें टाकून खेळावयाचा खेळ बाजारांत आणला. मंदीचे दिवस होते, लोकांना स्वस्त करमणूक हवी होती. त्याच्या सुमारें पन्नास हजार पेट्या खपल्या. १९३३ सालीं हॅरी विल्यम्स यांनीं 'कॉन्टॅक्ट' या खेळांत वीज खेळविली, आणि १९४७ च्या 'हम्प्टी डम्प्टी'ला पहिल्यानें वल्हीं आलीं. पुढें १९७७ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक पाट्या आल्या. या दोहोंच्या मधल्या काळांतील यंत्रांत संगणक नाहीं, ट्रान्झिस्टर नाहीं. गुणांची बेरीज, डावांची मोजदाद, खेळाडूंची पाळी, सारें कांहीं चुंबक, पट्ट्या आणि दांतेरी चाकें यांच्या जोरावर चालतें. आमचें यंत्र त्याच काळांतलें, शिकागोंत बनलेलें.

तें पुसदला कसें आलें तें सांगतों. आमच्या मामांना मुंबईच्या चोरबाजारांतून चमत्कारिक वस्तु आणण्याचा नाद होता. हें यंत्र त्यांनीं तेथूनच उचललें, थोडे दिवस चालविलें, आणि तें बंद पडतांच चादर टाकून कोपऱ्यांत ठेवलें. मामा गेले, घर विकावयाची वेळ आली, तेव्हां मामेभावानें विचारलें, "भंगारांत देऊं, कीं तुम्ही नेतां?" मीं 'नेतों' म्हटलें. शाळेंत विज्ञान शिकविणाऱ्या माणसाला असें विचारूं नये!

यंत्र ट्रकमधून उतरलें त्या दिवशीं आत्यांनीं देवघरांतून बाहेर येऊन एकच प्रश्न केला, "हें जुगाराचें यंत्र ना रे?"

त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. न्यू यॉर्क शहरानें १९४२ सालीं याच समजुतीवरून पिनबॉलवर बंदी घातली होती. महापौर ला गार्डिया यांच्या कारकीर्दींत हजारों यंत्रें जप्त झालीं आणि घणाखालीं फुटलीं. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षीं रॉजर शार्प या तरुण लेखकानें नगरसभेच्या समितीपुढें यंत्र मांडून खेळून दाखविलें. गोळी सोडण्यापूर्वीं ती कोणत्या वाटेनें उतरेल तें त्यानें सांगितलें, आणि ती त्याच वाटेनें उतरली. हा दैवाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असें समितीला पटलें. मीं ही हकीकत आत्यांना ऐकविली. त्या म्हणाल्या, "बरें. पण दिवेलागणीनंतर त्याची घंटा वाजतां कामा नये." तो नियम आजहि पाळला जातो.

यंत्राची अवस्था मात्र केविलवाणी होती. उंदरांनीं तारांची कापडी वेष्टनें कुरतडलीं होतीं. गोळीला उलट फेंकणाऱ्या रबरी कड्यांचा भुगा झाला होता. दांतेरी चाकांवर कोणे एके काळीं कोणीतरी तेल सोडलें होतें, त्याचा डिंक झाला होता. शिवाय एका अज्ञात कारागिरानें फ्यूजच्या जागीं तांब्याची जाड तार पिळून बसविली होती.

माझा धाकटा भाऊ पुण्यास इंजिनियर आहे. दिवाळींत आला तेव्हां त्यानें झाकण उघडून आंत पाहिलें आणि तो शांतपणें म्हणाला, "दादा, ह्या साऱ्या तारा काढून टाकूं. तळहाताएवढी एक पाटी बसवितों. गुण ती मोजील, दिवे ती लावील. बाहेरून कांहीं कळणार नाहीं, आणि आग लागण्याची भीति नाहीं." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. सुटे भाग आपल्याकडे मिळत नाहींत, आणि आंतलीं शेंकडों तारांचीं टोकें पाहून मलाहि घाम फुटला होता. मीं अर्धाअधिक रुकार दिला.

येथें आमच्या नानांविषयीं सांगितलें पाहिजे. माझे वडील दूरध्वनि-खात्यांत मेकॅनिक होते. आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें त्यांनीं मोठ्या शहरांतील स्ट्राउजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्यें काढलीं. आल्मन स्ट्राउजर हा अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें प्रेतसंस्काराचा व्यवसाय करणारा गृहस्थ. दूरध्वनीवर बसणारी बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय होता, असें सांगतात. त्या रागांतून त्यानें बाईवांचून जोडणी करणारें यंत्र काढलें आणि १८९१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. आपण तबकडी फिरवीत असूं तेव्हां जितका आंकडा तितके विजेचे ठोके जात, आणि तिकडे एक दांडा तितक्या पायऱ्या चढे. आपल्या देशांत बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजनें, म्हणजे १९४८ सालीं स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यानें, असलीं यंत्रें वर्षानुवर्षें बनविलीं. पुढें इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलीं, आणि ज्या दालनांत अहोरात्र टकटकाट चाले तेथें शांतता पसरली. नाना निवृत्त झाले ते त्या शांततेंतच. एकदां मला म्हणाले होते, "माणूस जातो आणि विद्या मागें राहते म्हणतात. माझें उलटें झालें." त्यानंतर त्यांनीं तो विषय काढला नाहीं. आज ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत; हात कांपतात, पण कान शाबूत आहेत. यंत्र आल्यापासून ते पडवींत फिरकलेहि नव्हते.

पाटी बसविण्यापूर्वीं एकदां वीज लावून पाहूं, असें आम्हां भावांचें ठरलें. अमेरिकेंतील वीज सुमारें एकशेंपंधरा व्होल्टची, आपली दोनशेंतीसची. म्हणून ती उतरविणारा ट्रान्सफॉर्मर आणला. कुरतडलेल्या तारा बदलल्या, अर्थिंगसह तीन तारांची नवी दोरी लावली, योग्य मापाचे फ्यूज बसविले. बटन दाबलें. आंत मोटर फिरूं लागली, गुणांचीं चाकें खडखडत शून्यावर आलीं. परंतु मोटर थांबेना. मिनिट झालें, दोन झालीं, ती आपली फिरतेच आहे. भाऊ म्हणाला, "पाहिलेंस?"

तेवढ्यांत आंतल्या खोलींतून नानांचा आवाज आला : "मोटर थांबत नाहीं, म्हणजे तिला कोणीतरी 'झालें' म्हणत नाहींये."

आम्हीं दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें. नाना काठी टेकीत बाहेर आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आधीं वीज बंद करा. लग्नपत्रिका आहे का एखादी?"

आतां वाचकांस यंत्राचें वर्म सांगतों. उभ्या पेटींत एकं, दहं, शतं अशीं आंकड्यांचीं चाकें असतात. प्रत्येक चाकाजवळ एक कॉइल असते; तिच्यांत वीज गेली कीं ती लोखंडी जीभ ओढते आणि चाक एक घर पुढें सरकतें. एकं स्थानचें चाक नवावर असलें कीं एक जादा पट्टी मिटते. मग पुढचा ठोका त्या चाकाला शून्यावर नेतांनाच शेजारच्या चाकालाहि एक घर सरकवितो. आपण मुलांना बेरीज शिकवितांना 'हातचा एक' म्हणतों, तो येथें डोळ्यांनीं दिसतो. पन्नास गुण द्यावयाचे असले तर मोटर दहं स्थानच्या चाकाला पांच ठोके मोजून देते. आणि स्मरणशक्ति? तीहि आहे. रिले म्हणजे विजेच्या चुंबकानें मिटणारी कळ. एकदां ओढला गेलेला रिले स्वतःच्याच एका पट्टीतून स्वतःला वीज पुरवीत राहतो. दुसरें कोणी ती वाट तोडीपर्यंत तो झालेली गोष्ट विसरत नाहीं.

नवा डाव सुरू होतांना सर्व चाकें शून्यावर यावीं लागतात. त्यासाठीं प्रत्येक चाकाला एक पट्टी असते. चाक शून्यावर आलें कीं ती उघडते. साऱ्या पट्ट्या उघडल्या म्हणजे मोटरीची वाट तुटते आणि ती थांबते. आमचीं चारहि चाकें डोळ्यांना शून्यावर दिसत होतीं. पण त्यांतली एखादी पट्टी मिटलेलीच राहिली असली पाहिजे. डोळ्यांना दिसणारें शून्य आणि यंत्राला कळणारें शून्य एक नव्हतें.

नानांची युक्ति साधी होती. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा चिंचोळा तुकडा एका चाकाच्या पट्टीच्या दोन टोंकांमध्यें सरकवावयाचा, वीज लावावयाची, मोटर थांबते का पाहावयाचें. न थांबली तर वीज बंद करून तुकडा पुढच्या चाकाला. पहिलें चाक झालें, दुसरें झालें. तिसऱ्याला कागद लावला आणि मोटर अर्ध्या फेऱ्यांत गप्प झाली. पडवींत एकदम शांतता झाली. नाना म्हणाले, "हा बसला होता बोलायचा."

त्या रात्रीं पाटीचा विषय निघाला नाहीं. भावानें जातांना इतकेंच म्हटलें, "दादा, शिवरात्रीपर्यंत थांबतों."

दोष सांपडला, पण काढणार कोण? ती पट्टी केसभर वाकवून मधलें अंतर नखाच्या जाडीइतकें करावयाचें होतें. नानांनीं चिमटा हातीं धरला आणि हात कांपूं लागला. त्यांनीं तो खालीं ठेवला. मीं पुढें झालों. माझीं बोटें तेथें शिरेनात. तेव्हां आमची बारा वर्षांची कन्या म्हणाली, "आजोबा, मी करूं? तुम्ही सांगा."

पुढचे तीन महिने रोज दुपारीं हा वर्ग भरे. नाना खुर्चींत, नात स्टुलावर. तिचे पहिले दिवस फार बरे गेले नाहींत. चौथ्या दिवशीं तिनें घाईनें एक पट्टी वाकविली आणि ती मुळाशींच तुटली. पोर रडकुंडीस आली. असली पट्टी पुसदला काय, पुण्यालाहि मिळणार नव्हती. मला वाटलें, संपलें. भावाला पत्र लिहावें. नाना उठले, आंत गेले, आणि पलंगाखालून पत्र्याचा एक गंजका डबा घेऊन आले. त्यांत टेलिफोनच्या जुन्या रिलेच्या पट्ट्या होत्या, भंगाराच्या लिलावांतून कधींकाळीं घेतलेल्या. घर आवरतांना हा डबा आपण टाकून दिला, असें त्यांनींच आम्हांला सांगितलें होतें. तो त्यांनीं कां जपला होता, तें मीं विचारलें नाहीं आणि त्यांनीं सांगितलें नाहीं. त्यांतली एक पट्टी कापून, तिचें टोंक घासून तेथें बसविली. ती आजहि तेथें आहे.

नाना तिला सांगत, "पट्टी वाकवायची नसते, तिची समजूत घालायची असते. एकदां जास्त वाकली कीं तिचा जोर गेला." पुढें पुढें ती डोळे मिटून ऐकूं लागली. एके दिवशीं म्हणाली, "आजोबा, हा रिले उशिरां पडतो." नाना कान देऊन म्हणाले, "होय. पडतो खरा." त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळीं जें मीं पाहिलें तें निवृत्तीनंतर प्रथमच पाहिलें.

शिवरात्रीला भाऊ आला. आला तो पाटी घेऊन नव्हे, संगणक घेऊन. चार दिवस नाना बोलत गेले आणि तो यंत्राचा संपूर्ण नकाशा रेखाटीत गेला : कोणती तार कोठून निघून कोठें जाते, कोणता रिले कोणाचें ऐकतो, कोणाला कोण सोडवितो. मूळ यंत्राबरोबरचा नकाशा केव्हांच हरवला होता. एके ठिकाणीं नाना अडले, दोन रिलेंपैकीं पहिला कोणता तें त्यांना आठवेना, आणि ते बराच वेळ गप्प राहिले. नातीनें तो हातानें दाबून दाखविला. हें काम आणखी पांच वर्षांनीं काढलें असतें तर तो नकाशा कोणाकडून मिळाला असता, हा विचार तेव्हां आम्हां दोघांच्याहि मनांत आला.

ज्यांच्या घरीं असें एखादें जुनें विजेचें यंत्र पडून असेल त्यांच्यासाठीं अनुभवाचे चार शब्द. पहिली गोष्ट, दोरी आणि फ्यूज तपासल्यावांचून वीज लावूं नये. फ्यूजच्या जागीं तार पिळणें म्हणजे घराला काडी लावून ठेवणें. या कामांत स्वतःची खात्री नसेल तर जाणता वायरमन बोलवावा. दुसरी, डिंक झालेलें तेल स्पिरिटच्या बोळ्यानें आणि लांकडी काडीनें काढावें. कापसाला आपल्या वऱ्हाडांत तोटा नाहीं. मात्र त्यावर पुन्हां तेल सोडूं नये. असल्या यंत्राचे बहुतेक भाग कोरडे चालावे अशीच त्यांची रचना असते. तिसरी, चांदीच्या कॉन्टॅक्टवर खरकागद घासूं नये, तो मुलामा खरवडतो. जाड स्वच्छ कागदाची पट्टी मधून ओढली तरी पुष्कळदां काम भागतें. चौथी, एका वेळीं एकच दुरुस्ती करावी आणि ती वहींत लिहून ठेवावी. दिव्यांची मात्र काळजी नको. सव्वासहा व्होल्टच्या आसपासचे हे बारके दिवे जुन्या रेडिओच्या तबकडीमागें असत त्याच जातीचे आहेत, आणि आम्हांला ते एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडे मिळाले.

यंत्र आतां चालतें. पूर्णपणें नव्हे. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, अमेरिकेची साठ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवितो, आवर्तनें बदलीत नाहीं. त्यामुळें आमची मोटर शिकागोपेक्षां सुमारें एक षष्ठांशानें सावकाश मोजते. ट्रान्सफॉर्मरहि थोडा अधिक तापतो, म्हणून अर्ध्या तासानंतर खेळ थांबवावयाचा असा नियम आहे. आत्यांनीं अद्याप यंत्राला हात लावलेला नाहीं. पण कोणाची पाळी आहे यावरून तंटा झाला तर निवाडा त्याच देतात.

पावसाळा लागला आणि शतं स्थानचें चाक पुन्हां अडूं लागलें आहे. नव्व्याण्णवांनंतर हातचा पुढें जात नाहीं. काल मीं चिमटा घेऊन बसलों, तर कन्येनें तो माझ्या हातांतून काढून घेतला. "तुम्ही नका, बाबा. आजोबांची झोंप होऊं द्या, मग आम्ही बघूं." तिच्या वहींत त्या दोषाची नोंद तारीखवार झालेली आहे, पुढचा रकाना कोरा आहे.

आपल्या गांवींहि असा एखादा निवृत्त टेलिफोनवाला, घड्याळजी, सिनेमाच्या यंत्रावर बसणारा गृहस्थ असेल. आपल्याला येणाऱ्या गोष्टी आतां कोणाला नकोत, असें त्याला वाटत असेल. बिघडलेलें कांहींतरी घेऊन त्याच्याकडे जावें, आणि जातांना घरांतलें एखादें मूल बरोबर न्यावें.